ब्रेक काढलेली सायकल

गणपतीच्या आधीच्या रविवारची गोष्ट. सकाळचा चहा घेऊन मी व्हरांड्यात आलो, तो नातवाने तिथे जुनी वर्तमानपत्रे पसरून आपली नवी सायकल उलटी करून ठेवलेली. ही सायकल आणल्यापासून घरात तिचे मोठे कौतुक चालले होते. हिला गिअर नाहीत, मडगार्ड नाहीत, कॅरिअर नाही, घंटासुद्धा नाही. दोन बारीक चाके, एक साखळी आणि एक त्रिकोणी सांगाडा, इतकाच संसार. तेवढ्यानेही त्याचे समाधान झालेले दिसले नाही. मागचा ब्रेक आधीच निघून वर्तमानपत्रावर पडला होता आणि पुढच्या ब्रेकच्या स्क्रूला पाना लागला होता.

"अरे, हे काय चाललंय?" मी विचारले.

"ब्रेक काढतोय, आजोबा. फिक्सी आहे ही. हिला ब्रेकची गरज नसते."

"मग थांबतोस कशानं?"

"पायांनी," तो सहज म्हणाला. "आणि ब्रेक नसला ना, की सायकल दिसते बघा कशी!"

त्या 'पायांनी' या शब्दाने माझ्या हातातला चहा निवाला. त्याला कारण होते, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती. एकोणीस वर्षांच्या मुलाला एकदम 'नको' म्हटले की त्याचा अर्थ त्याच्या कानात 'आत्ताच कर' असा होतो, हे तीन पिढ्यांच्या अनुभवाने मला ठाऊक आहे. म्हणून मी एवढेच म्हटले, "पुढचा तेवढा आठ दिवस राहू दे. मला जरा वाचू दे." त्याने पाना खाली ठेवला. आजोबांना वाचायला काही निमित्त मिळाले तर घरात शांतता राहते, हे त्यालाही ठाऊक असावे.

त्या आठ दिवसांत जे हाताला लागले ते वाचकांपुढे ठेवतो. सायकलचा ब्रेक ही वस्तू काही कोणी चरित्र लिहावे अशी नव्हे. परंतु गंमत अशी की, ब्रेक लावणाऱ्यांच्या इतिहासाइतकाच ब्रेक काढून टाकणाऱ्यांचाही इतिहास जुना आहे. आणि काढणाऱ्यांपैकी पुष्कळ जण मुळीच मूर्ख नव्हते.

आधी ही 'फिक्सी' म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. आपण सारे ज्या सायकली चालवीत आलो त्यांच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असते. पाय थांबवले तरी चाक फिरत राहते आणि उतारावर तो टिक्‌टिक्‌ असा गोड आवाज येतो. फिक्सीत हे फ्रीव्हीलच नाही. मागची दातेरी चकती चाकाला पक्की आवळलेली असते. चाक फिरते आहे तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरते आहे तोवर पाय फिरणार. मध्ये सुटी नाही. उलट, पायांनी फिरत्या पायडलला विरोध केला तर तो साखळीतून थेट चाकाला पोहोचतो आणि सायकल मंदावते. तेव्हा 'पायांनी थांबतो' हे नातवाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. आपल्या साध्या सायकलचे ब्रेक काढले तर हाती काहीच उरत नाही. फिक्सीचे काढले तर निदान पाय उरतात. हा भेद लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

ही काही नवी युक्ती नव्हे. सायकलला पहिल्यांदा पायडल लागले तेच मुळी असे पक्के लागले. १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यातून ज्या गाड्या निघाल्या त्यांची पायडले पुढच्या चाकाच्या आसालाच जोडलेली होती. त्यांना ब्रेकही होता. हँडलची मूठ पिळली की दोरी ताणली जाई आणि मागच्या चाकावर एक लाकडी किंवा लोखंडी तुकडा दाबला जाई. नंतर वेगाची हाव वाढली. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, मग जास्त अंतर जायचे तर चाकच मोठे केले पाहिजे! १८७० साली इंग्लंडात जेम्स स्टार्ले याने 'एरिअल' नावाची गाडी काढली आणि तिथून ते उंच चाकाचे युग सुरू झाले. जुन्या चित्रांत एक मिशाळ गृहस्थ माणसाच्या छातीइतक्या उंच चाकावर बसलेले दिसतात, ती हीच गाडी. पन्नास इंची चाक एका फेऱ्यात जवळजवळ चार मीटर जाते. अशाच पन्नास इंची चाकावर बसून टॉमस स्टीव्हन्स हा तरुण २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला तो पृथ्वीप्रदक्षिणेला. १८८६ साली तो लाहोर, दिल्ली, आग्रा, अलाहाबाद, काशी असा ग्रँड ट्रंक रस्त्याने कलकत्त्याला पोहोचला. आपल्या शेतकऱ्यांना आणि बैलगाडीवाल्यांना ते दृश्य पाहून काय वाटले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

या उंच गाडीला पुढच्या चाकावर चमच्यासारखा ब्रेक असे. मात्र त्याची एक खोड होती. स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या माथ्यावर बसलेला. ब्रेक जोरात दाबला की चाक थांबे, पण स्वार थांबत नसे. मागचे चिमुकले चाक आकाशाकडे जाई आणि गृहस्थ हँडलवरून पुढे डोक्यावर आपटे. या पडण्याला इंग्रजीत 'हेडर' असे स्वतंत्र नावच पडले होते. जाणती मंडळी उतारावर दोन्ही पाय हँडलच्या पुढे टाकून बसत, का, तर पडायचेच असेल तर डोक्याऐवजी पायांवर पडावे! ज्या काळी ब्रेक दाबणे हाच अपघाताचा हमखास मार्ग होता, त्या काळी अनुभवी स्वारांनी पाय उलटे रेटून गती आवरण्याची विद्या शिकावी आणि शर्यतीच्या गाड्यांवरून ब्रेक काढूनच टाकावा, यात काय नवल? त्यांचे चुकले असे मला तरी म्हणवत नाही. ब्रेक काढण्यात खरोखरच शहाणपण होते असा तो काळ.

तो काळ फार टिकला नाही. १८८५ साली जेम्सचाच पुतण्या जॉन केंप स्टार्ले याने कॉव्हेंट्रीत 'रोव्हर' नावाची सायकल केली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मध्ये बसायची जागा, आणि साखळीने मागचे चाक फिरणार. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. तिला 'सेफ्टी', म्हणजे सुरक्षित सायकल, म्हणत. कारण तिच्यावरून डोक्यावर पडणे आता कठीण झाले होते. १८८८ साली बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी हवेचे टायर केले आणि सायकल मऊ चालू लागली. पण टायर मऊ झाले तशी ब्रेकची पंचाईत झाली. तो चमच्याचा ब्रेक थेट टायरवर दाबत असे. भरीव रबराला ते चाले, हवेच्या महागड्या टायरला तो खरवडून काढी. पाय तर अजून पायडलला बांधलेलेच होते, कारण फ्रीव्हील प्रचारात यायचे होते. त्यामुळे कित्येकांनी हिशेब केला: ब्रेक टायर खातो, वजन वाढवतो, आणि पायांनी काम भागते, मग हवा कशाला?

सपाट रस्त्यावर काम भागतही होते. पेच उतारावर येई. उतारावर पायडल इतके भराभर फिरू लागे की पाय त्याला पुरे पडत नसत. म्हणून पुढच्या काट्यावर दोन्ही बाजूंना छोट्या खुंट्या असत. उतार आला की पाय पायडलवरून उचलून त्या खुंट्यांवर ठेवायचे आणि पायडलला मोकळे भिरभिरू द्यायचे. मग थांबायचे कसे? ब्रेक असला तर ब्रेकने, नसला तर बुटाचा तळवा टायरवर दाबून! आल्प्स पर्वतातले काही प्रवासी घाट उतरताना झाडाची मोठी फांदी तोडून दोरीने सायकलच्या मागे बांधीत आणि ती रस्त्यावरून फरफटत नेत. मागून येणाऱ्याच्या नाकातोंडात जी धूळ जात असेल तिचा विचार त्या मंडळींनी केलेला दिसत नाही. या गोष्टीकडे मला परत यायचे आहे.

१९०० च्या आगेमागे फ्रीव्हील सर्वत्र झाले आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. आता उतारावर पाय मोकळे, सुखाने बसावे. पण पाय मोकळे झाले म्हणजे पायांचा ब्रेकही गेला. म्हणून याच सुमारास खऱ्या ब्रेकांचा जन्म झाला. १८९६ साली बाउडेन याच्या पेटंटातून तारेच्या आवरणातून ओढ पोहोचवणारी केबल आली. दाब टायरवरून काढून चाकाच्या लोखंडी कडेवर, म्हणजे रिमवर, आणला गेला. १९०३ साली जर्मनीत श्वाइनफुर्ट येथे एर्न्स्ट झाक्स याच्या कारखान्याने मागच्या चाकाच्या आसातच ब्रेक बसवला. पायडल उलटे दाबले की चाक थांबे. आपल्याकडच्या काळ्या सायकलींचे काड्यांचे ब्रेक हेही त्याच घराण्यातले. हँडलखालून गेलेल्या लोखंडी काड्या, खाली घोड्याच्या नालासारखी कमान, तिच्यात दोन रबरी गुटके. ज्यांनी ती सायकल चालवली आहे त्यांच्या कानांत त्या काड्यांची खडखड अजून असेल.

एवढे झाल्यावर ब्रेक काढण्याचे कारणच उरले नव्हते. परंतु माणसाच्या अभिमानाला कारण लागत नाही. आंरी देग्रांज हे नाव सायकलच्या इतिहासात फार मोठे. ११ मे १८९३ रोजी पॅरिसच्या ब्युफालो नावाच्या ट्रॅकवर या गृहस्थाने एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला आणि पुढे १९०३ साली 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत सुरू केली. या माणसाला फ्रीव्हील आणि गिअर यांचा मनस्वी तिटकारा होता. गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी आहेत, तरुणाने आपल्या स्नायूंच्या बळावर जिंकावे, अशा अर्थाचे त्याने १९०२ साली लिहिले आणि मला आपले पक्के चाकच द्या, असा शेवट केला. गिअर बदलण्याच्या यंत्राला त्याच्या शर्यतीत परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. सोय ही दुबळेपणाची खूण आणि गैरसोय ही पौरुषाची, ही भावना सायकलच्या जगात तिथून रुजली. माझ्या नातवाने देग्रांजचे नाव ऐकलेले नाही. पण 'ब्रेक नसला की सायकल दिसते बघा कशी' हे म्हणताना त्याच्या तोंडून देग्रांजच बोलत होता.

एका जागी मात्र ब्रेक नसणे आजही योग्य आहे आणि तिथे तो लावायला नियमाने बंदी आहे. ती जागा म्हणजे शर्यतीचा ट्रॅक. मला हे आधी उलटेच वाटले. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने पळणाऱ्या सायकलींना ब्रेक नको? पण विचार केल्यावर त्यातले मर्म कळले. ट्रॅकवर सारे एकाच दिशेने जातात, एकमेकांच्या चाकाला चाक लावून जातात, आणि कोणाच्याच सायकलला ब्रेक नसतो. अशा वेळी एकाने जरी एकाएकी ब्रेक दाबला तर मागचे सगळे त्याच्यावर कोसळतील. तिथे थांबण्याचे साधन पाय, आणि दुसरे साधन खुद्द ट्रॅक. वळणावर तो भिंतीसारखा, चाळीस-पंचेचाळीस अंशांनी, वर चढत गेलेला असतो. स्वार सायकल त्या चढावर घालतो, वेग आपोआप उतरतो, आणि तो अलगद खाली येतो. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात असा ट्रॅक आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी काठाशी उभे राहून ते वळण एकदा पाहावे. त्याच्यावर चालतसुद्धा जाववणार नाही. जपानात तर या खेळावर रीतसर पैजा लागतात. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरांच्या तिजोरीत चार पैसे पडावेत म्हणून १९४८ साली कोकुरा येथे 'केइरिन' नावाची शर्यत सुरू झाली आणि २००० साली ती ऑलिंपिकमध्येही आली. तिथल्या सायकलींवर ब्रेक नाही, आणि तो नसतो तो इतरांच्या जिवासाठी.

मग ही ट्रॅकवरची सायकल रस्त्यावर आली कशी? न्यूयॉर्कच्या गर्दीत कागदपत्रे आणि पाकिटे पोहोचवणारे सायकलस्वार असत. मोटारी खोळंबलेल्या असताना हे मधून वाट काढीत. त्यांच्यातल्या अनेकांनी ट्रॅकची सायकल पसंत केली. तिच्यात मोडण्यासारखे काही नाही, बर्फात-चिखलात बिघडण्यासारखे काही नाही आणि देखभालीचा खर्च नाही. त्यांच्यातलाच नेल्सन व्हेल्स हा १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या स्प्रिंट शर्यतीत रौप्यपदक घेऊन आला. पोटासाठी दिवसभर त्या गर्दीतून जाणाऱ्या माणसाच्या पायांत काय कसब येत असेल! हँडलवर पुढे झुकून मागचे चाक हलके करायचे, क्षणभर दोन्ही पाय आवळायचे, की चाक अडते आणि सायकल फरपटत थांबते. ही करामत मी नातवाकडून प्रत्यक्ष पाहिली आहे. नाही म्हणायला डोळ्यांना फार छान वाटते. (इथे एक अंकगणिताची मौजही आहे. पुढच्या चक्राला ४८ दाते आणि मागच्याला १६ असले तर पायांच्या एका फेऱ्यात चाक नेमके तीन फेरे घेते; म्हणजे तोच पाय पुढे ठेवून चाक अडवले की दर वेळी टायरचा तोच एक भाग रस्त्यावर घासतो आणि आठवड्यात भोक पडते. ४८ ऐवजी ४७ घ्या, घासणारे भाग सोळा होतात आणि टायर बरेच दिवस टिकते. अपूर्णांकाचा अतिसंक्षेप शाळेत कशाला शिकायचा, असे विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण द्यावे.)

एकविसाव्या शतकात त्या पोटार्थी कसबाची फॅशन झाली. लंडन, टोकियो, बर्लिन आणि मागाहून मुंबई-पुणे-बंगळूर इथली पोरे फिक्सीवर दिसू लागली. कसब असलेल्यांनी ब्रेक काढले म्हणून कसब नसलेल्यांनीही काढले. मग गोष्ट न्यायालयात गेली.

अमेरिकेत ओरेगन राज्याच्या पोर्टलंड शहरी २००६ साली मोठा मासलेवाईक वाद झाला. तिथला कायदा म्हणे, सायकलला असा ब्रेक हवा की ज्याने कोरड्या, सपाट, स्वच्छ रस्त्यावर चाक घसरत थांबेल. वकिलांनी युक्तिवाद केला की, पक्के चाक आणि स्वाराचे पाय मिळून नेमके हेच करतात, तेव्हा पाय हाच ब्रेक! न्यायाधीशांना तो पटला नाही. जपानात प्रश्न याहून सरळ सुटला. तिथे कायद्याला पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना ब्रेक हवा, आणि ताशी दहा किलोमीटर वेगावरून तीन मीटरच्या आत थांबता आले पाहिजे. २०११ साली एक नामांकित विनोदी नटच बिनब्रेकच्या सायकलवर पोलिसांना सापडला आणि देशभर चर्चा झाली. २०१३ च्या अखेरीस अशी सायकल थांबवून तपासण्याचा अधिकारही पोलिसांना मिळाला. इंग्लंडचा १९८३ चा नियम मधला आहे. पक्के चाक हा मागचा ब्रेक मानला, पण पुढचा ब्रेक हवाच.

पुढचाच का, याला उत्तर आहे. सायकल थांबू लागली की स्वाराचे वजन पुढे झुकते. पुढचे चाक जमिनीला घट्ट रुतते आणि मागचे हलके होते. हलके चाक कितीही अडवले तरी ते घसरणारच. उंच चाकाच्या गाडीवर ज्या वजनाने स्वार डोक्यावर पडत होता, तेच वजन आजच्या सायकलवर पुढच्या ब्रेकच्या कामी येते! कोरड्या रस्त्यावर, ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी सायकल पुढच्या ब्रेकने साधारण सात मीटरांत थांबू शकते. निव्वळ मागच्या चाकाने, मग ते ब्रेकने अडवा की पायांनी, चौदा मीटर लागतात. हा हिशेब मी शाळेतल्या सूत्राने स्वतः केला आणि नातवाकडून तपासून घेतला. यात मनाला सुचायला लागणारा वेळ धरलेला नाही. शिवाय साखळी उतरली तर चौदाचे किती होतील, ते सूत्रात बसत नाही.

मधल्या सात मीटरांत काय असते ते १२ फेब्रुवारी २०१६ रोजी लंडनमध्ये दिसले. अठरा वर्षांचा एक मुलगा ट्रॅकसाठी बनवलेली, पुढचा ब्रेक नसलेली फिक्सी घेऊन रस्त्याने चालला होता. दोन मुलांची आई असलेली चव्वेचाळीस वर्षांची एक बाई रस्ता ओलांडत होती. तो ओरडला; टक्कर झाली; डोक्याला मार बसून काही दिवसांनी ती बाई गेली. पुढचा ब्रेक कायद्याने लागतो हे आपल्याला माहीतच नव्हते, असे त्याने न्यायालयात सांगितले. २०१७ साली पंचांनी त्याला मनुष्यवधाच्या आरोपातून सोडले, पण बेफाम वाहन हाकण्याच्या गुन्ह्यात दोषी धरले आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. ज्या कलमाखाली ती झाली ते १८६१ सालचे, घोडागाड्यांच्या जमान्यातले. १८६१! सायकलला नुकते कुठे पायडल लागत होते, तेव्हाचा तो कायदा.

एवढे टिपण करून मी आठव्या दिवशी नातवाला हाक मारली. त्याने सगळे नीट ऐकले. देग्रांज त्याला आवडला, फांद्या फरफटणारे प्रवासी त्याहून आवडले. लंडनच्या गोष्टीवर तो गप्प झाला, पण म्हणाला, "आजोबा, त्या मुलाला नीट चालवता येत नसेल. मी रोज प्रॅक्टिस करतो."

तेव्हा मग ती गोष्ट सांगणे भाग पडले. ती मी त्याच्या आजीलाही कधी सांगितली नव्हती.

आमचे लहानपण साताऱ्याचे. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेला. किल्ल्याच्या बाजूने खाली येणारी प्रत्येक गल्ली म्हणजे घसरगुंडी. १९५९ साली, माझ्या पंधराव्या वर्षी, वडिलांनी आपली जुनी काळी सायकल मला दिली. त्या वेळी शर्यतीच्या सायकलचे चित्र असलेले एक कॅलेंडर कुठल्याशा दुकानात लागले होते, त्याने मला वेड लावले. मी एका दुपारी पाना घेऊन बसलो. मडगार्ड काढले, साखळीचे झाकण काढले, कॅरिअर काढले आणि शेवटी त्या खडखडणाऱ्या ब्रेकच्या काड्या काढून खाटेखाली टाकल्या. सायकल काय देखणी दिसू लागली! तिला फ्रीव्हील होते, म्हणजे पायांचाही ब्रेक नव्हता, हे माझ्या डोक्यातच आले नाही. थांबायचे असले की मी वहाणेचा तळवा मागच्या टायरवर दाबत असे. महिनाभर ते उत्तम जमले. मीही रोज सराव करीत होतो.

श्रावणातली सकाळ होती. पाऊस नुकताच उघडला होता. मी वरून येत होतो. वळणाच्या पुढे एक भाजीवाली डोक्यावर पाटी घेऊन गल्ली ओलांडत होती. मी वहाण टायरवर दाबली. ओल्या टायरवरून ती साबणासारखी निसटली. मी ओरडलो. तिने वळून पाहिले एवढेच मला आठवते. पुढचे आठवते ते वांग्यांचे. पाटीतली वांगी उतारावरून टपटपत खाली चालली होती आणि एक कुत्रे त्यांच्यामागे धावत होते. ती बाई चिखलात बसली होती. तिचा उजवा हात मनगटाशी भलत्याच बाजूला वळला होता. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "पोरा, तुला लागलं न्हाई न्हवं?"

वडिलांनी मला मारले नाही. तिला हाडवैद्याकडे नेले, पैसे दिले, दोन महिने तिच्या घरी धान्य पोहोचवले. पहिल्या रात्री कंदील घेऊन ते खाटेखाली वाकले, काड्या बाहेर काढल्या आणि माझ्यापुढे टाकल्या. "लाव," म्हणाले. मला त्या लावता येईनात. काढणे सोपे होते. ते शेजारी बसून राहिले. पहाटे केव्हातरी ते काम झाले.

"त्या बाईंचं पुढे काय झालं?" नातवाने विचारले.

"हात जुळला. वाकडा जुळला. मी गाव सोडेपर्यंत ती मंडईत बसत असे. तराजू डाव्या हाताने धरायची. मी दुसऱ्या बाजूने जायचो."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून व्हरांड्यात गेला. पुढच्या ब्रेकचा स्क्रू गेले आठ दिवस तसाच अर्धवट सैल होता. त्याने पाना उचलला.

"आजोबा, जरा चाक धरता का?"

मी जाऊन चाक धरले. एकीकडचा गुटका रिमला घासत होता. त्याने तो दोनदा सैल करून पुन्हा आवळला. मागचा ब्रेक मात्र त्याने लावला नाही. तो तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे.